आडदेशातलं पडीचं युग

भाद्रपदातल्या उन्हावर आमच्याकडे कुणी विसंबत नाही. सकाळी लख्ख पडतं, बायका वाळवणं बाहेर काढतात आणि तासाभरात सगळं उचलून आत पळावं लागतं. तरी ते ऊन पडलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. परवा महाडहून कापड्याच्या एस.टी.त बसले होते. पोलादपूर मागे टाकलं आणि वळणावरच्या उतारावर नाचणीचा एक तुकडा दिसला. चटईएवढा. बाकी डोंगर नुसता रानानं माजलेला. त्या तुकड्याभोवती कुणीतरी जुन्या साड्या बांधल्या होत्या, रानडुकरांना माणूस वाटावं म्हणून. साड्या भिजून लोंबत होत्या आणि माणूस कुठेच नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, बरं नाय वाटत काय?" मी म्हटलं, "गाडी लागते." आता त्या बापडीला काय सांगणार की मला नाचणी लागते!

राखणीचे दिवस म्हणायचो आम्ही त्यांना. नाचणीचं कणीस भरायला लागलं की दसऱ्यापर्यंत वरच्या उतारावर कुणीतरी बसायलाच हवं, नाहीतर पाखरं, वानरं आणि डुकरं मिळून घरात मूठभरसुद्धा येऊ देत नाहीत. चार खांब, वर फळ्या, त्यावर पेंढ्याचं छप्पर, हा आमचा माळा. आई खालच्या भातात असायची, बाबा मुंबईत गोदामात. म्हणून राखणीला आम्ही दोघं, माझा थोरला भाऊ आणि मी. मी सहा वर्षांची, दादा दहाचा. त्याच्याकडे पत्र्याचा डबा वाजवायचं काम आणि माझ्याकडे ओरडायचं. ओरडण्यात मी तेव्हाही कुणाला हार गेले नाही, पुढे पोटापाण्याला तेच कामी आलं. ओल्या पेंढ्याचा वास, फळ्यांच्या फटींतून खाली दिसणारं हिरवं पीक, आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी आणि सुकटाची चटणी. हात धुवायला पागोळ्यांचं पाणी. मला विचाराल तर त्याहून मोठं सुख मी पुढे पाहिलं नाही, आणि हे मी लग्न, नोकरी, नातवंडं सगळं धरून म्हणते आहे.

समोरच्या दरीत ढग उतरला की पलीकडचा डोंगर कमरेतून तुटायचा. खालचा भाग नाहीसा व्हायचा आणि वरचा हवेत उरायचा. दादानं त्याचं नाव ठेवलं आडदेश. तिथे माणसं राहतात, पण ती आपल्याला आडूनच बघतात, असं त्यानं मला सांगितलं आणि मी ते तिथल्या तिथे खरं मानलं. मग त्या देशाला राजा हवा, भांडणं हवीत, आणि मुख्य म्हणजे युगं हवीत, कारण कीर्तनात ऐकलं होतं की देवाघरी सगळं युगांनी चालतं. दादाला दूर कुठे शोधायला जावं लागलं नाही. आमच्या उताराची पाळी ठरलेली होती. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा, आणि मग चार पावसाळे पड. जमीन दमते, तिला निजू द्यायचं. आडदेशही तसाच चालायचा, फक्त तिथे एका वर्षाला हजार वर्षं.

नाचणीचं कणीस मिटल्या मुठीसारखं दिसतं, म्हणून नाचणीच्या युगात सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या असत. राजाची सगळ्यांत घट्ट. त्या मुठीत काय आहे हे राणीलाही ठाऊक नव्हतं. आडदेशातली माणसं मिटल्या मुठीनं जेवत, मिटल्या मुठीनं नमस्कार करत, लढाईतही मूठ उघडत नसत. "मग जेवायची कशी?" मी विचारलं होतं. "त्येंच्या बायका भरवतात," दादा म्हणाला. "आणि बायकांच्या मुठी?" यावर त्यानं डबा वाजवायला घेतला. पाखरू एकही नव्हतं.

पुढच्या साली वरी आली आणि युग पालटलं. वरी वाऱ्याबरोबर लवते, एकमेकींना लागून कुजबुजते. त्या युगात आडदेशात मोठ्यानं बोलायची बंदी झाली. राजा मेला आणि त्याची मूठ उघडली तर ती रिकामी होती. तेव्हापासून लोक खाली मान घालून हळू बोलू लागले. हे दादानं सांगितलं तेव्हा मी रडले होते. कशासाठी एवढी मूठ आवळली मग, असं मला झालं. तिसऱ्या साली कारळ्याची पिवळी फुलं उतारभर पेटली, तेव्हा आडदेशातही सगळं सोन्याचं झालं, घराघरात तेलाचे दिवे लागले. ते सर्वांत लहान आणि सर्वांत सुखाचं युग. दादाला त्यात रस नव्हता. सुखाच्या युगात सांगण्यासारखं काही नसतं, म्हणायचा.

त्याला आवडायचं चौथं, पडीचं युग. त्यात आडदेशातली माणसं जिथे असतील तिथे उभी निजतात आणि त्यांची झाडं होतात. राजाचा नातू ऐन झाला, राणी किंजळ झाली, चहाड्या करणाऱ्या बायका करवंदीच्या जाळ्या झाल्या. चार हजार वर्षं कुणी कुणाशी बोलत नाही. मग बाहेरून कुणीतरी येतं आणि त्यांना तोडून जागं करतं. पण गुडघ्याएवढे पाय जमिनीत ठेवूनच तोडायचं. आमच्याकडे पड मोडताना झाडाचा बुंधा गुडघाभर ठेवतात, तो पुन्हा फुटतो आणि त्याची मुळं माती धरून राहतात. दादाच्या गोष्टीत ते निजलेल्यांचे पाय होते. पाय शाबूत तर माणूस शाबूत.

मला हे युग मुळीच आवडायचं नाही. "त्यात काय घडतच नाय," मी कुरकुरायचे.

"घडतंय गो. दिसत नाय."

मला न दिसणाऱ्या गोष्टींचं वेड कधीच नव्हतं. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. उतार पडीत गेला म्हणजे राखण नाही, राखण नाही म्हणजे माळा नाही. माळ्याचे खांब जळणात गेले. दादा शाळेतून आला की गुरांमागे जायचा, मी घरात भांडी घासायचे. आडदेशाबद्दल कधीतरी झोपताना दोन वाक्यं, तीही मीच खोदून काढलेली. नवव्या वर्षी, दहाव्या वर्षी, अकराव्या वर्षी मी भाद्रपदातल्या उन्हात दारात उभी राहून त्या माजत चाललेल्या रानाकडे बघत असे आणि मला त्याचा राग येत असे. रानाचा राग येणारी मुलगी तुम्ही पाहिली नसेल. मी होते तशी.

आडदेशात मला एक हुद्दा होता. मी मोजदार होते. दादाचं गणिताशी वाकडं होतं, पाढे म्हणताना त्याला घाम फुटायचा. म्हणून युगं तो रचायचा आणि वर्षं मी मोजायची. काजळाच्या रिकाम्या डबीत दर दसऱ्याला मी एक गुंज टाकायचे, युग पालटलं की डबी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. आमचा आजा होता तोवर उताराची पाळी त्याच्या डोक्यात असायची. तो गेल्यावर घरातली मोठी माणसंही मलाच विचारू लागली. बाबा सुट्टीवर आले की कौतुकानं म्हणायचे, "ह्या पोरीच्या डोक्यात आज्याचा हिशोब उतरलाय." मला ते फार गोड लागायचं.

मी बारा वर्षांची होते त्या शिमग्याला बाबा पंधरा दिवस आले होते. पालखी नाचून झाली, पाहुणे पांगले, आणि परत जाण्याआधी उताराची तोड उरकावी की नाही हा विषय निघाला. आई चुलीपाशी होती, दादा पोलादपूरला बाजाराला गेला होता.

"किती पावसाळं झालं गो पडीला?" बाबांनी विचारलं.

डबीत तीन गुंजा होत्या. मी म्हटलं, "चार."

आई वळली. "मला तर तीनच वाटतात."

"तुला काय कळतंय? ती शाळेत जाते," बाबा म्हणाले. मी उठले, आत जाऊन फळीवरच्या पिशवीतली एक गुंज डबीत टाकली आणि डबी आणून बाबांपुढे उघडली. चार. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग ती पुन्हा चुलीकडे वळली. तिला सही करता येत नव्हती. माझ्या तोंडापुढे तिचं तोंड बंद झालं आणि मला त्या वेळी लाजसुद्धा वाटली नाही. मला फक्त माळा दिसत होता. संध्याकाळी दादा आला, त्यालाही डबी दाखवली. त्यानं मोजलंही नाही. "तू म्हणतेस म्हणजे चार," असं म्हणून तो कोयत्याला धार लावायला बसला.

तोडीला मी नव्हते, माझ्याकडे घर होतं. दादा सोळाचा, त्याच्या हाती पहिल्यांदाच कोयता आणि कुऱ्हाड दिलेली. संध्याकाळी बाबा त्याच्यावर खेकसत घरी आले, एवढं आठवतं. काहीतरी त्यानं जास्तच तोडलं होतं. आमच्या घरात बाबांचं खेकसणं ही काही बातमी नव्हती. मी पाणी तापवायला ठेवलं आणि गात होते.

उतार जाळला, पावसाच्या तोंडावर नाचणी पेरली. ती उगवलीही छान. मी रोज वर जाऊन बघत असे. बाबांनी माळ्याचे खांब निवडून ठेवायला सांगितले होते. श्रावणात सलग आठ दिवस ओतलं आणि एका दुपारी, आम्ही जेवत असताना, वर कुणीतरी कणगी पालथी करावी तसा आवाज झाला. उतार खाली आला होता. दरड म्हणावी एवढी ती मोठी नव्हती, गावात अजूनही त्याला 'माती आली' एवढंच म्हणतात. माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. पण आमचं खालचं भाताचं खाचर, ज्याच्यावर घराचं वर्ष निघायचं, ते दोन पुरुष खोल मातीखाली गेलं. आई बांधावर बसून राहिली. तिनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही आणि पुढे कधी त्याबद्दल शब्दही काढला नाही. तो तिचा चांगुलपणा होता की शिक्षा, हे मला आजही कळत नाही. मी डबी ओढ्यात टाकून दिली.

दादा दहावीला बसणार होता, तो बसला नाही. गावकीची खोली होती मुंबईत, एका खोलीत आमच्या गावचे वीस पुरुष पाळीपाळीनं झोपायचे. बाबांबरोबर तोही तिथे गेला आणि एका कारखान्याच्या रंगखात्यात लागला. मला मात्र शाळेत ठेवलं. एकजण कमावता झाला होता आणि मी हुशार होते. पहिल्या वर्षी त्याचं एक आंतरदेशीय आलं होतं. खुशालीच्या चार ओळी आणि खाली कडेला बारीक अक्षरात, 'तिकडे कुठलं युग चालू हाय?' मी उलट टपाली लिहिलं, 'पडीचं'. त्यानंतर आम्ही आडदेशाचं नाव काढलं नाही. तो ते विसरला असं मी धरून चालले. सोयीचं होतं.

पुढे मी शिक्षिका झाले. चौतीस वर्षं पोरांना सनावळ्या शिकवल्या, कुणाच्या नंतर कोण आणि किती वर्षं. वर्ष चुकलं की मी हातावर पट्टी मारायचे. कुठल्या तोंडानं, ते मला विचारू नका. दादा गणपतीला आणि शिमग्याला यायचा. होळीची तोड करायला पोरं निघाली की हा ओटीवर बसून राहायचा. केळीचं पान कापायलासुद्धा कोयता हातात घ्यायचा नाही. आम्ही सगळे हसायचो, मुंबईनं हात मऊ केले म्हणायचो. मी सर्वांत जास्त हसायचे. तोही हसायचा.

तळीयेची दरड आली त्यानंतर आमच्या भागात माणसं डोंगर बघत फिरू लागली. एक तरुण अभ्यासक आमच्या वाडीतही आला होता. मी त्याला जुनी माती आली ती जागा दाखवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, एक वर्ष आधी रान तोडलं तर असं होऊ शकतं का? तो म्हणाला, "बाई, हा उतारच तसा आहे. आज नाहीतर उद्या आलाच असता. एका वर्षानं काय फरक पडतो?" मी त्याला चहा दिला. त्याच्या बोलण्यानं मला बरं वाटायला हवं होतं. एका वर्षानं दादाची दहावी झाली असती, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

दादाला जाऊन दीड वर्ष झालं. साखरेनं शेवटी त्याचा उजवा पाय नेला, मग सहा महिन्यांनी तोच गेला. यंदा पितृपक्षात त्याचं पान गावच्या घरीच ठेवायचं असं वहिनीनं ठरवलं आणि ती नातीला घेऊन आली. ओवी, नऊ वर्षांची, मुलाची मुलगी. त्यासाठीच मी परवा त्या एस.टी.त होते.

घर आहे अजून. पत्रे नवे आहेत, भिंती धरून आहेत. वाडीत मात्र आता चारच घरांत चूल पेटते, आणि मोठा पाऊस लागला की त्यांनाही खाली शाळेत नेऊन ठेवतात. उतारांवर कुणी काही पेरत नाही. पेरणारे सगळे मुंबईत, आणि जे आहेत त्यांच्या गुडघ्यांत बळ नाही. जिकडे बघावं तिकडे ऐन, किंजळ आणि करवंदी. चाळीस-पन्नास पावसाळे झाले असतील, कोण मोजतंय? दादाचं आवडतं युग सगळीकडे आलंय, आणि आता ते मोडायला कुणी येणार नाही. मला त्याचं भय वाटतं, हे कबूल करते.

पान ठेवून झालं, जेवणं झाली. वहिनी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. दरीत ढग उतरला आणि पलीकडचा डोंगर कमरेतून तुटला. ओवी पायरीवर माझ्याशेजारी बसली होती. ती एकदम म्हणाली, "आत्याआजी, तो बघ आडदेश!"

मी हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. पूर्ण स्टोरी येते मला. पाच युगं असतात."

"चार," मी म्हटलं. सवयीनं.

"नाय, पाच!" तिनं बोटांवर धरली. मुठींचं, कुजबुजीचं, सोन्याचं, निजलेल्यांचं. सगळं जसंच्या तसं, राजाच्या रिकाम्या मुठीसकट. "आणि पाचवं मातीचं. सगळे लोक झाड होऊन झोपलेले असतात ना, तर एक मुलगा येतो त्यांना उठवायला. त्याला सांगितलेलं असतं, पाय ठेवून तोड. पण त्याला दाखवायचं असतं की मी किती स्ट्राँग आहे. तो सगळ्यांना एकदम खालून तोडतो. पायच कापून टाकतो. मग पाय नसले तर ते जमिनीला पकडणार कसे? सगळा देश खाली पडतो, खतम. मग त्या मुलाला देशातून घालवतात."

खेकसत घरी आलेले बाबा मला आत्ता, इतक्या वर्षांनी, नीट ऐकू आले. काय जास्त तोडलं होतं ते कळलं. आयुष्यभर त्यानं कोयता का धरला नाही तेही. त्या सबंध गोष्टीत मी शोधत होते, पण वर्षं मोजणारं कुणी त्यात नव्हतं. त्यानं मला त्यात घेतलंच नव्हतं, कारण माझी मोजणी चुकली असेल हे त्याच्या मनातच कधी आलं नाही.

वहिनी सुपावरून मान वर न करता म्हणाली, "ही गोष्ट लई सांगायचे ते. पाय काढला तेव्हा सगळी रडली वन्सं, ह्येच नाय रडले. शुद्धीवर आले नि म्हणाले, बरोबर झालं, आता बरोबर झालं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत."

मी तिच्याकडे पाहू शकले नाही. दादाजवळ मी किती वेळा बसले होते त्या सहा महिन्यांत. फळं सोलून दिली, पेपर वाचून दाखवला. एक वाक्य सांगायचं होतं फक्त.

"आत्याआजी, तो मुलगा वाईट होता का?" ओवीनं विचारलं. "मी आजोबांना विचारलं तर ते बोलले, हो, वाईट."

"नव्हता गं," मी म्हटलं. "आजोबांना गोष्ट पुरती ठाऊक नव्हती. त्या मुलाला एक बहीण होती. वर्षं मोजायचं काम तिचं होतं. लोकांची झोप पुरी व्हायची होती, अजून एक वर्ष उरलं होतं. पण तिला एकटीला कंटाळा आला होता, म्हणून तिनं झालं असं खोटंच सांगितलं. अर्ध्या झोपेत तोडल्यावर देश पडणारच. त्यात त्याची चूक नव्हती."

सुपाचा आवाज थांबला. वहिनी माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळत होतं.

ओवी विचारात पडली होती. मुलांना न्यायाची फार घाई असते, वर्गातही मी हे पाहिलंय.

"मग त्या बहिणीला काय पनिशमेंट झाली?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "ती शिकली. मास्तरीण झाली."